चित्रातलं तांबडं

माझा पाय मोडला त्या वर्षी आमच्याकडे विहिरींचे तळ उघडे पडले होते. युसूफ वडगावहून कोसभर आत आमचं गाव. भावकीच्या विहिरीतला गाळ काढायला आम्ही सहाजण उतरलो होतो. दोराला धरून वर येताना माझा हात सुटला. खाली गाळ आहे, फार लागणार नाही, असं पडतापडता वाटल्याचं आठवतं. गाळ वीतभरच राहिला होता, त्याखाली खडक होता. अंबाजोगाईला नेलं, उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि तीन महिने पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं.

दसरा आठ दिवसांवर आला होता. दसरा झाला की आमच्या घरातले सगळे ऊस तोडायला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाला आम्ही दोन कोयत्यांचा शब्द दिला होता, एक भाऊ-वहिनीचा आणि एक आमचा. मी पडलो म्हणून शब्द फिरवता येत नव्हता.

"मी जाते," बायको म्हणाली. "अर्धा कोयता म्हणून धरतील."

"आन मी?"

"तुमी पाय बघा."

आमची चार वर्षांची मुलगी तिच्याबरोबर गेली. पोरं सांभाळायला आई गेली. ट्रक निघाला तेव्हा मी ओट्यावर पाय लांब करून बसलो होतो. ट्रकमधून बायकोनं मला हात केला की डोक्यावरचा पदर सावरला, ते धुळीत नीट कळलं नाही. मी हात केला. मग कुणी बघितलं नसावं म्हणून इकडंतिकडं बघितलं. बघायला गावात माणूसच उरलं नव्हतं.

घरात राहिलो मी आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत तिचा नवरा वारला आणि ती माहेरी आली ती कायमची. तेव्हा ती सत्तरीच्या पुढं होती. आसपासच्या चार गावांत तिच्यासारखी गोधडी शिवणारी बाई नव्हती. लेक नांदायला जायची असली की लोक जुनी लुगडी, धोतरं घेऊन तिच्याकडं येत. तिच्या गोधडीतला टाका तांदळाच्या दाण्याएवढा असे आणि धुऊन धुऊन कापड विरलं तरी टाका तुटत नसे.

त्या वर्षी वडगावच्या काही शिकलेल्या बायांनी गोधडी शिवणाऱ्यांची एक सहकारी संस्था काढली होती. आमच्या गावातल्या बारा बायका सभासद झाल्या होत्या, त्यांत आत्या होती. दिवाळीनंतर संस्थेच्या सेक्रेटरीबाई आमच्या घरी आल्या. गावातल्या नऊ सभासद ऊसतोडीला गेल्या होत्या. उरल्या तिघी. त्यांतली एक बाळंतपणाला टेकली होती आणि दुसरी टँकरच्या पाण्याला नंबर धरून दिवसभर घागरीपाशी बसलेली असे. म्हणून सेक्रेटरीबाई आत्याकडंच आल्या.

त्यांनी पिशवीतून एक जाड कागद काढला. त्यावर छापलेलं चित्र होतं.

"आपल्याच जिल्ह्यातले एक चित्रकार आहेत, वयस्कर. त्यांचा सत्कार आहे बीडला, संक्रांतीनंतर," त्या म्हणाल्या. "त्यांच्या चित्रांवरून गोधड्या करायच्या ठरलंय. हे तुमच्या वाट्याला आलंय. कागदावरची एक वीत म्हणजे गोधडीवर दोन हात, असं माप धरा."

"गोधडी कुणाला पाहिजे?" आत्यानं विचारलं.

"कुणाला नाही. भिंतीला टांगायची आहे."

आत्या म्हणाली, "अंगावर घ्यायची न्हाई तर कावून शिवायची?"

बाईंनी कला, सन्मान, संस्थेचं नाव असं पुष्कळ सांगितलं. माझ्या काही ते ध्यानात आलं नाही, आत्याच्याही आलं नसावं. पण संस्थेला मिळालेलं ते पहिलंच काम होतं आणि गावात दुसरं काही काम नव्हतं. आत्या हो म्हणाली. बाई गेल्यावर तिनं कागद दोन्ही हातांनी समोर धरला, मान एका बाजूला करून निरखला आणि म्हणाली, "लई चांगलं हाय."

तिनं कागदाची मागची कोरी बाजू समोर धरली होती.

"आत्या, ती मागली बाजू हाय."

तिनं कागद मांडीवर ठेवला.

"तुला दिसत न्हाई?"

"दिसतंय की. उजेड दिसतोय. माणूस आला-गेला कळतंय. रंग तेवढे एक झालेत."

"कवापासनं?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"सांगून काय करणार व्हता? ऊस सोडून मला दवाखान्यात नेणार व्हता?"

दोन वर्षं ती आमच्या घरात चूल पेटवत होती, भाकरी थापत होती, गोधड्या शिवत होती आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. कापडाचे रंग ती कशी ओळखायची विचारलं तर म्हणाली, कापड देणाऱ्या बायकाच सांगतात, हे माझ्या सासूचं हिरवं, हे माझं पिवळं. आता बायका ऊसतोडीला गेल्या होत्या. तिनं कागद माझ्याकडं सरकवला.

"तू बघ आन मला सांग, काय काय हाय ते."

मी बघितलं. बघून गोंधळलो. दहावीपर्यंत शिकलो होतो, पण पुस्तकात चित्र असलं की खाली लिहिलेलं असायचं, हे अमुक आहे. इथं काही लिहिलं नव्हतं. सगळा कागद मातकट पिवळा, जागोजागी जळाल्यासारखा. त्यावर काळे तुकडे, लहानमोठे. एका कोपऱ्यातून पांढरा पट्टा आडवा गेलेला. आणि मधोमध नाही, जरासं डावीकडं, एक तांबडं काहीतरी. त्याला ना हात, ना पाय, ना कडा. मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक चाराचा आकडा काढला होता. चार म्हणजे काय? चार गोधड्या करायच्या? की आमच्या गावाचा नंबर चार?

वरची बाजू कुठली तेही कळेना. कागदाच्या दोन बाजूंना पांढरी किनार होती, उरलेल्या दोन बाजूंना नव्हती. किनार असलेली बाजू वर असेल असं आधी वाटलं, मग खाली असेल असं वाटलं. शेजारचा एकजण शेळ्यांमुळं गावात राहिला होता. तो ओट्यावर टेकला तेव्हा मी त्याला कागद दाखवला. त्यानं चारी बाजूंनी फिरवून बघितला.

"काय बे, एवढं पण कळंना का? आभाळातनं बघितल्यावर आपलं शिवार असंच दिसत असंल. हे काळं म्हंजी पडीक रान."

"आन तांबडं?"

"तांबडं..." तो थांबला. "तांबडं काय की. पण तू कशाला डोकं लावतो? बायकांचं काम हाय ते."

तो शेळ्या घेऊन गेला. मी कागद उलटा धरला आणि तोच बरोबर वाटायला लागला. संध्याकाळी परत सुलटा बरोबर वाटला.

आत्याला मात्र नक्की सांगावं लागत होतं. टाका कुठल्या अंगानं घालायचा ते वस्तूवर असतं, असं तिचं म्हणणं. "पाणी असंल तर आडवा टाका. झाड असंल तर उभा. रान असंल तर नांगराच्या तासासारखा लांब. माणूस असंल तर गोल गोल जायाचं, बाहेरनं आत. काय हाय तेच ठाव नसंल तर सुई कुणीकडं न्यायची?"

मी म्हणालो, पिवळं म्हणजे जमीन आहे. काळं म्हणजे खडक. पांढरी वाट आहे.

"आन तांबडं?"

दोन दिवस मी ते टाळलं. तिसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "बाई हाय. बसलेली."

"तोंड कुणीकडं?"

"पाठमोरी हाय."

"बरं," आत्या म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं. मला मात्र आपण काय सांगून बसलो असं झालं. पण एकदा बाई म्हटल्यावर मलाही त्यात बाई दिसायला लागली. कधी दिसायची, कधी नाही.

कापड गोळा करायला आत्या घरोघर हिंडली. कुलपं नव्हती तिथून म्हाताऱ्यांनी बोचकी काढून दिली. सगळं धुळीनं भरलेलं. टँकर चार दिवसांनी येत होता, गोधडीच्या चिंध्या धुवायला पाणी मागितलं असतं तर लोकांनी मारलं असतं. आणि धुतल्याशिवाय रंग कळत नव्हता, सगळंच मातकट. मग मी एकेका कापडाचा कोपरा थुंकीनं ओला करायचो, खाली कुठला रंग आहे ते बघायचो आणि आत्याला सांगायचो. अर्ध्या कापडांना ओलं करायची गरजच पडली नाही. चित्रातली जमीन आणि आमच्या गावातली धूळ एकच होती. एकदा मी आत्याला म्हणालो, हे धोतर पांढरं आहे पण असंच लावू, पिवळं म्हणून चालेल. ती म्हणाली, "आन पाऊस आल्यावर कुणी धुतलं तर?" मी म्हणालो, ही भिंतीला टांगायची आहे, हिला कोण धुणार? भिंतीचं तिच्या डोक्यात काही बसत नव्हतं.

ओसरीवर जुनं लुगडं अंथरून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून आम्ही थर लावले. माप मी घेतलं. वीत कागदावर, दोन हात गोधडीवर. ठिगळं मी कापायची, मांडायची आणि आत्यानं शिवायची, असं ठरलं होतं. पण दिवसभर बसून दुसऱ्याची सुई बघत राहणं अवघड असतं. एका दुपारी आत्या चुलीकडं गेली तेव्हा मी सुई उचलली आणि एका काळ्या ठिगळाच्या कडेनं दोन बोटं टाके घातले. तिनं परत आल्यावर बोट फिरवलं.

"हे कुणाचं? दारूड्यासारखं चाललंय."

मी सुई तिच्या हातात दिली.

"सुई ढकलू नको. कापडच सुईवर आण," ती म्हणाली आणि तिनं दुसरी सुई ओवायला माझ्याकडं दिली. त्या दिवसापासून आम्ही दोघं शिवत होतो. ती एका टोकाकडून, मी दुसऱ्या. शेजारचा ओट्यावर आला की मी सुई मांडीखाली सारायचो. दोनदा ती मांडीला टोचली.

रविवारी बायकोचा फोन यायचा. ती बांधावर उंच ठिकाणी उभी राहून बोलायची, तरी आवाज तुटायचा.

"दिवसभर काय करता?"

"काय न्हाई. पडून असतो."

"लई इचार करू नका. पाय बरा व्हईल."

मी गोधडी शिवतो हे तिला सांगता आलं नाही. तिचे हात कोयत्यानं सोलून निघत असणार आणि मी सुई घेऊन बसलोय, हे फोनवर कसं सांगायचं? पण न सांगण्याचंही बरं वाटत नव्हतं. आपण नेमकी कशाची लाज धरतोय, शिवतो त्याची की लपवतो त्याची, हेच मला उमगत नव्हतं.

मग तांबडं अडलं. सगळी गोधडी होत आली आणि तांबड्याची जागा तशीच रिकामी होती. गावातून जे तांबडं मिळालं ते एक तर गुलाबी होतं नाही तर विटकं. चित्रातला रंग तसा नव्हता. तो तापल्यासारखा होता. तसं कापड आमच्या घरात होतं. मुलगी झाली तेव्हा बायकोच्या आईनं दिलेलं पातळ, लोखंडी पेटीत घडी करून ठेवलेलं. बायको ते वर्षातून एकदा, पोळ्याला नेसायची.

रविवारी मी विचारलं. "तुझं ते तांबडं पातळ हाय ना पेटीत. त्यातलं हातभर घेऊ का?"

"कशाला?"

"आत्याला पाहिजे. संस्थेच्या कामाला."

तिकडून ती काहीतरी म्हणाली. मधेच आवाज गेला. मला शेवटचं "घेऊ" एवढंच ऐकू आलं. मी हॅलो, हॅलो केलं. फोन बंद झाला होता. परत लावला तर लागेना.

मी आत्याला म्हणालो, ती घेऊ म्हणाली. पातळ काढलं, पदराच्या बाजूनं नको म्हणून आतल्या टोकाकडून हातभर कापलं. कात्री चालत असताना मला ते शब्द परत ऐकायचे होते. ती "घेऊ द्या" म्हणाली असेल? "घेऊन टाका" म्हणाली असेल? तिसरंही काही असू शकतं, तो विचार मी पुढं जाऊ दिला नाही. पुढच्या रविवारी ती त्याबद्दल काही बोलली नाही. मीही काढलं नाही.

तांबडं ठिगळ आत्यानं एकटीनं शिवलं. मला हात लावू दिला नाही. बाहेरून आत, गोल गोल टाके. "पाठमोरी बसली तर पाठ गोल दिसते बाईची," ती म्हणाली. त्या जागी टाके इतके दाट बसले की कापड तिथं फुगून वर आलं. शेवटी कागदाच्या दोन बाजूंना पांढरी किनार होती म्हणून आम्ही गोधडीच्या दोनच बाजूंना पांढरी पट्टी लावली. आत्याला ते पटत नव्हतं. दोन बाजूंना किनार आणि दोन बाजू उघड्या, अशी गोधडी तिनं जन्मात केली नव्हती. मी म्हणालो, चित्रात तसंच आहे.

संक्रांत झाली. प्लास्टर निघालं. काठी घेऊन मी आत्याबरोबर एसटीनं बीडला गेलो. गोधडीचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं. बसस्टँडवरून रिक्षानं हॉलवर पोचलो. सेक्रेटरीबाई दारातच होत्या, चेहरा उतरलेला.

आत भिंतीवर तीन गोधड्या टांगल्या होत्या आणि त्यांच्यापुढं बायकांचा घोळका मोठ्यानं बोलत होता. आमची उघडली तेव्हा मला कळायला बराच वेळ लागला. तिन्ही गोधड्यांवर तीच मातकट जमीन होती, तसेच काळे तुकडे. एकीवर पांढरा पट्टा आमच्या पट्ट्याच्या पुढं गेलेला. प्रत्येकीला दोनच बाजूंना किनार. टेबलावर मूळ चित्राचा मोठा छापील कागद पसरला होता. आमचं चित्र म्हणजे त्या चित्राचा खालचा उजवा कोपरा होता.

आयोजकांनी मोठा कागद कापून त्याचे चार तुकडे चार गावांना दिले होते. चौघींनी चार तुकडे शिवायचे आणि मग जोडून एक मोठी गोधडी करायची, असा बेत होता. तो बीडमध्ये ठरला, वडगावपर्यंत येईतो हरवला. सेक्रेटरीबाईंनाही माहीत नव्हतं. मागचा चाराचा आकडा म्हणजे चौथा तुकडा. जोडायला गेलं तर काहीच जुळेना. प्रत्येक गावाचा हात निराळा. आमची गोधडी तर बाकीच्यांपेक्षा वीतभर लांब आणि रुंद होती, कारण माप माझ्या हातानं घेतलं होतं.

आयोजकांपैकी एकजण म्हणाला, मोठीच्या कडा कापून टाकू. आत्या म्हणाली, "कापायची असंल तर मला घरी नेऊ द्या."

तेवढ्यात चित्रकार आले. पांढरा सदरा, पायजमा, हातात माझ्यासारखीच काठी. माझ्या डोक्यात कोणी तरी निराळाच माणूस होता, हे तर दिंद्रुडच्या बाजारात भेटावेत तसे गृहस्थ होते. बोलायलाही तसेच. त्यांनी चारही गोधड्यांपुढून चक्कर मारली. कुणी काही समजावून सांगायला लागलं की हातानं थांबवायचे. आमच्या गोधडीपुढं उभे राहिले आणि तांबड्याच्या फुगलेल्या जागेवर तळहात ठेवला.

"हे कुणी केलं?"

"ह्या माझ्या आत्यानं," मी म्हणालो. मग राहवलं नाही. दोन-अडीच महिने तोच प्रश्न डोक्यात होता. "पण हे तांबडं काय हाय, तेवढं सांगा."

"तुमी काय समजून केलं?"

आत्या शेजारीच उभी होती. मला खोटं बोलता आलं असतं. "मला कळलं न्हाई," मी म्हणालो. "हिला डोळ्यांनी दिसत न्हाई. हिनं इचारलं तवा मी सांगितलं, बाई बसलीय."

आत्या माझ्याकडं वळली. "म्हंजी बाई न्हवती?"

"मला ठाव न्हाई, आत्या."

चित्रकारांनी तांबड्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "हे लई वर्षांमागं काढलं. मोठ्या दुष्काळात. माजलगावकडं रस्त्याच्या कामावर लोक खडी फोडत व्हते, त्यांच्या समोर मी एका टेकाडावर बसलो व्हतो. ऊन लई. लांब तांबडं काहीतरी दिसत व्हतं, ते मी तसंच टाकलं. जवळ जाऊन बघितलं न्हाई. नंतर मलाच इचारायचे लोक, आन मी कायबी सांगायचो."

"खडीवर आमी पण व्हतो," आत्या म्हणाली. "केजकडच्या. तिथं सुरुंग लावायच्या आधी तांबडं निशाण रोवायचे. ते दिसलं की पळायचं. ते असंल."

"असंल," चित्रकार म्हणाले. "बाई पण असंल."

"निशाण असंल तर टाका चुकला माझा. फडक्याला गोल टाका कोण घालतं?" आत्या म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

मला वाटलं ती रागावली. मग वाटलं थकली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. चित्रकार तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि दोघं खडीच्या कामाबद्दल बोलत राहिले, कुणाच्या हातून दिवसाला किती ब्रास खडी फुटायची, खायला वाटायचे ती सुकडी कशी असायची. चित्राचा विषय परत कुणी काढला नाही. गोधड्या जोडल्या नाहीत, मधे मोकळी जागा सोडून चारही तशाच टांगल्या. आमची जमिनीला टेकत होती म्हणून तिची खालची कड आत दुमडली. सत्काराच्या भाषणात एक पाहुणे म्हणाले की चित्राचे चार भाग मुद्दाम अलग ठेवून बायकांनी फार मोठा विचार मांडला आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानंही वाजवल्या. मला त्या माणसाला जाऊन सांगावंसं वाटलं आणि काय सांगायचं तेही कळत नव्हतं.

पाडव्याच्या आधी ट्रक परत आला. बायको वाळली होती, मुलगी हातभर वाढली होती. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून बायको तशीच उभी राहिली.

"माझ्या पातळाला काय झालं?"

"तुला फोनवर इचारलं व्हतं की."

"मी म्हणलं, नका घेऊ."

मी सगळं सांगितलं. गोधडी, चित्र, बीड, सुई. ती ऐकत होती. नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "किती लोकांनी बघितलं?"

"लई. हॉल भरला व्हता."

"आन कुणाचं पातळ हाय म्हणून कुणी इचारलं?"

"न्हाई."

तिनं मान हलवली. ती समजली की दुखावली, ते मी आजही सांगू शकत नाही. उरलेलं पातळ तिनं पुढच्या पोळ्याला नेसलं, आतलं टोक आखूड असलेलं, आणि तशीच गावभर फिरली.

सेक्रेटरीबाईंनी खटपट करून आत्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन करवलं. पट्टी निघाल्यावर तिनं आधी माझ्या मुलीला बघितलं, मग तो कागद मागितला. आमच्याकडंच राहिला होता. बराच वेळ बघून म्हणाली, "हे असं व्हतं व्हय? मग आपुन निराळंच कायतरी केलं." चांगलं केलं की वाईट, ते तिनं सांगितलं नाही. गोधडी बघायची म्हटली, पण ती बीडहून कुठं गेली ते तोवर कुणाला सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे पुण्याला नेली, कुणी म्हणे एका कार्यालयाच्या कपाटात आहे.

माझा पाय आखूड बसला. उसाच्या फडात तो टिकला नाही. पुढच्या सालापासून मी घरी बसून गोधड्या शिवायला लागलो, आता सुई मांडीखाली न लपवता. संस्थेच्या नियमानं सभासद बाईच असावी लागते, म्हणून नाव बायकोचं लावलं. काम माझं, अंगठा तिचा. शेजारचा आधी हसला, नंतर त्याच्या पोरीच्या लग्नात त्यानंच गोधडी मागून नेली.

मागच्या साली तपासणीला एक साहेब आले. बायकोचं नाव वाचून म्हणाले, "बाई, जरा काम करून दाखवा." बायकोनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बसली, अर्धवट गोधडी मांडीवर ओढली आणि सुई घातली. शिवणं तिला कधीच जमलेलं नाही. ओंजळीएवढ्या जागेत तिनं लांब लांब, वाकडे टाके घातले. साहेबांनी वाकून बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं, चहा पिऊन गेले.

मी ते टाके उसवायला कात्री घेतली. तिनं गोधडी आपल्याकडं ओढून घेतली.

"राहू द्या ते."

"गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्या. संस्थेच्या वहीत नाव कुणाचं हाय?"

ते टाके मी तसेच ठेवले. त्यांच्या कडेनं माझा टाका कसा न्यायचा, हे मला दिवसभर सुचलं नाही. शेवटी ती जागा टाळून मी पुढं शिवत गेलो.